हात मांगे

सरांनी माझे हात पहिल्यांदा बांधले तेव्हा मी पुण्यातल्या त्या कंपनीत नवी होते. शेवटचे बांधले ते शहाद्याला, त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी. तेव्हा त्यांना एकच गोष्ट बघायची होती: काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, छातीत पुन्हा दुखायला लागलं, तर आपल्या थरथरत्या हातांनी ॲम्ब्युलन्स बोलावता येते का. बाकी सगळं सांगतेच, पण हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसत्या गमती सांगत बसली.

त्यांचं नाव मी घेणार नाही. आमच्या ऑफिसात सगळे सगळ्यांना नावाने हाक मारत, कालपरवा आलेली पोरंसुद्धा. मला ते कधी जमलं नाही. मी नंदुरबारची. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभच उचलत नाही. अख्ख्या मजल्यावर त्यांना 'सर' म्हणणारी मी एकटी. "शाळा सुटली ना तुझी?" असं ते चिडवायचे. पण त्यांना ते आवडायचं, मला माहीत आहे.

त्यांचं पद इतकं लांब होतं की कार्डावर धड मावत नव्हतं. त्यात 'ग्लोबल' होतं, 'एक्सपिरियन्स' होतं, शेवटी कुठेतरी 'हेड' होतं. शहाद्यात कोणी विचारलं, "पुण्याले काय करस भो?" तर सांगायचे, "मोबाइलमा बटन कोठे लावानं ते सांगस." एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी काळजीने विचारलं म्हणे, "मंग शिलाई मशीन इकी टाकं का?" विकून टाकलं का, म्हणून. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि वर म्हणायचे, "बाबा बरोबर बोलले. टेलर निदान माप घेतो. आपण न बघताच शिवतो."

ते पुरुषोत्तमनगरचे, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेले. वडील कारखान्यात, भाऊ अजून केळी लावतो. कॉलेजच्या सुट्ट्यांत सरांनी शहाद्यात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाटी लावून झाली की समोरच्या टपरीवर जाऊन बसायचे आणि लोक ती वाचतात का बघायचे. पुढे मुंबईला चित्रकला शिकले, जाहिरातीच्या कंपनीत लागले, मग कॉम्प्युटर आले, मग बंगळूर, मग काही वर्षं परदेश, आणि मग आमचं पुणं. लोक ज्याला करिअर म्हणतात ते एवढंच. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "मी अजून टपरीवरच बसलोय."

ते खोटं नव्हतं. घरी आले की लोक देवदर्शनाला जातात, हे शहाद्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर. एकदा मी दिवाळीला नंदुरबारला आले होते, तर मलाही बोलावून घेतलं. मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं काम असेल. कसलं काय! गाडीवर ठसठशीत पाटी असूनही लोक शेजारच्याला "धुळे का?" विचारत होते, ते बघायला बोलावलं होतं. "वाचता येतं त्या माणसाला," सर म्हणाले, "तरी विचारतो. का सांग?" मी म्हटलं, सवय असेल. "सवय नाही. पाटी उलट बोलत नाही. माणूस 'हो, बस' म्हणतो तेव्हा त्याला पटतं." उन्हाने माझं डोकं उठलं होतं. मनात म्हटलं, काय हा माणूस! एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा, आणि धुळ्याच्या गाड्या बघत बसतो.

आता हात बांधण्याचं. आमची कंपनी दवाखान्यांचं ॲप चालवायची. लहान गावांतल्या लोकांना डॉक्टरची वेळ मिळावी, औषध मिळावं, गाडी मिळावी म्हणून. त्यातली प्रत्येक नवी स्क्रीन आधी एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, त्याला एक काम सांगायचं, आणि आपण मागे गप्प बसून बघायचं, अशी पद्धत. माझ्या वाट्याला हडपसरच्या एक ताई आल्या. मुलाला ताप आहे, डॉक्टरची वेळ घ्या, एवढंच काम. त्यांना बटण दिसेना. बिचाऱ्या घामाघूम झाल्या. मला राहवेना. मी पुढे झुकून बोट दाखवलं, "ताई, इथे दाबा."

झालं! सर उठले. बॅगेतून एक मोठा पांढरा रुमाल काढला, आपल्याकडे म्हातारी माणसं डोक्याला गुंडाळतात तसला. त्यांच्या वडिलांचा होता तो, हे मला नंतर कळलं. "बांधू का?" त्यांनी मला विचारलं. मी रागाने म्हटलं, "बांधा!" आणि त्यांनी खरोखर माझी मनगटं मागे घेऊन गाठ मारली. अशी पक्की गाठ, की मला खुर्चीतून नीट उठताही येईना. सगळी खोली बघतेय. ताई तर फोन विसरून माझ्याकडेच बघायला लागल्या. मग सर माझ्या कानाशी वाकून आमच्या अहिराणीत म्हणाले, "हात मांगे. तोंड बंद. डोया उघडा."

हात मागे, तोंड बंद, डोळे उघडे. हाच त्यांचा मंत्र. ताईंना ते बटण शेवटपर्यंत सापडलं नाही. त्या "मीच अडाणी हो" म्हणत निघून गेल्या, आणि दार लागल्यावर सरांनी आम्हाला विचारलं, "चूक कोननी?" मजल्यावरच्या मराठी-अमराठी सगळ्यांना तेवढी अहिराणी येत होती. सगळे एका सुरात म्हणाले, "आपली." शाळेत पाढे म्हणतात तसं. मी त्या दिवशी घरी जाऊन रडले. ताईंसाठी नाही, माझ्या अपमानासाठी. पण ती स्क्रीन आम्ही बदलली, आणि पुढच्या ताईंना बटण चहा प्यावा इतक्या सहज सापडलं.

रुमाल फक्त नव्यांसाठी नव्हता. एकदा कंपनीचे एक फार मोठे साहेब चाचणी बघायला आले आणि दर मिनिटाला "नो नो, लेफ्ट" करायला लागले. सरांनी त्यांनाही विचारलं, "बांधू का?" साहेबांना वाटलं थट्टा आहे, ते "शुअर" म्हणाले. त्यांचा चेहरा आम्ही जन्मात विसरणार नाही. एचआरने सरांना बोलावून समज दिली. सर तिथल्या बाईंना शहाद्याचे केळ्याचे वेफर्स देऊन परत आले. दुसऱ्या दिवशी रुमाल पुन्हा बॅगेत.

'युजर' हा शब्द ते चालू द्यायचे नाहीत. "युजरला आई नसते," म्हणायचे. "माणूस म्हणा, बाई म्हणा."

हे सगळं ऑफिसातलं सोंग असेल असं मला वाटायचं, काकू भेटेपर्यंत. काकू शहाद्याजवळच्याच खेड्यातल्या. तोंडाने तिखट, हाताने गोड. त्यांनी मला सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईच्या खोलीत चहा करायला उभ्या राहिल्या तर साखर सापडेना. "हाई मानूस मांगे हात बांधीसन उभा! एक सबद बोलना नही!" काकूंनी आधी वरच्या फळीवर हात घातला, मग खालच्या, मग चिडून बिनसाखरेचा चहा दिला. यांनी तो मुकाट्याने प्यायला. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा बरोबर तिथे होता, जिथे काकूंचा हात पहिल्यांदा गेला होता. "माय वं! तवय समजनं," काकू म्हणाल्या, "मानूस येडा शे, पर वाईट नही."

आमच्यातल्या कोणी 'अमुक स्क्रीनवर लोक ॲप सोडून जातात' असा आलेख दाखवला की सर आलेखाकडे बघतच नसत. बॅग उचलायचे. एकदा असं झालं की बोलून माहिती द्यायच्या ठिकाणी बायका मधेच थांबायच्या. ॲप विचारायचं, "आपले नाव सांगा." त्या सांगायच्या. "पतीचे नाव सांगा." शांतता. मग ॲप बंद. मीटिंगमध्ये कोणी म्हणे आवाज नीट येत नसेल, कोणी म्हणे बायकांचा मशीनवर विश्वास नाही. सर आम्हाला घेऊन शहाद्याला आले. भावाच्या घराशेजारच्या एका आजींच्या हातात फोन दिला. पतीचे नाव सांगा, म्हटल्याबरोबर आजींनी पदर तोंडाशी नेला. "अवं माय! ह्या परक्या मानूसनासमोर त्यासनं नाव कसं लेऊ?" परका माणूस म्हणजे तो फोन! मशीनने पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी आजींनी घसा साफ केला, फोनकडे पाठ केली आणि ठणठणीत आवाजात उखाणा घेतला, "तापी मायनं गोड पानी, अमुकरावनं नाव लेस, मी त्यासनी रानी!"

मशीनने नावाच्या रकान्यात अख्खा उखाणा लिहून टाकला. खरं नाव तेव्हा मी ऐकलं होतं, पण आजींनी एवढं संकोचून घेतलं ते मी इथे कशाला सांगू?

आमची पुण्याची मंडळी हसून हसून लोळली. सर हसले नाहीत. आजींच्या पाया पडले. परतीच्या गाडीत म्हणाले, "ताप तिला आलाय. नवऱ्याचं नाव तिच्या तापाला कशाला पाहिजे?" तो प्रश्न आम्ही काढून टाकला. इतकी वर्षं तो तिथे का होता, हे कंपनीत कोणालाच सांगता आलं नाही.

मोलगीच्या बाजाराची गोष्टही अशीच. जीपने सातपुड्यात वर गेलो. तिथे घरची बोली वेगळी, आमची मराठी त्यांच्या दृष्टीने शाळेची भाषा. बाजाराला उतरलेल्या एका माणसाला आमच्यातल्या एकाने सगळ्या स्क्रीन दाखवल्या, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "समजलं का?" तो दर वेळी "हो" म्हणाला. आमचा गडी खूश. सर म्हणाले, "तू त्याच्या बाजारात आलास. पाहुण्याला तो 'नाही' कसा म्हणेल?" मग त्यांनी फोन नुसता त्या माणसाच्या हातात दिला, दवाखान्याशी बोला म्हणून सांगितलं, आणि आम्हाला चार पावलं मागे नेलं. त्याने फोन एकदा बघितला आणि सरळ कानाला लावला. बरोबरच आहे की! बोलायला सांगितलं तर माणूस कानालाच लावणार. कानात काहीच येईना, तेव्हा त्याने फोन अदबीने परत केला. त्या दिवसापासून आमच्याकडे 'समजलं का' या प्रश्नावर बंदी आली, आणि पहिल्या स्क्रीनवर 'बोला' असं मोठं बटण आलं.

एवढं करून सरांना स्वतःच्या एकाच कामाचा अभिमान होता. ॲम्ब्युलन्सच्या सरकपट्टीचा. आधी तिथे नुसतं बटण होतं, आणि लोकांच्या खिशात ते आपोआप दाबलं जायचं. गाड्या फुकट पळायच्या, आणि ज्याला खरी गरज त्याला मिळायच्या नाहीत. सरांनी त्याजागी एक लाल गोळा ठेवला. त्यावर बोट ठेवायचं, बोट न उचलता गोळा पार दुसऱ्या टोकाला न्यायचा, की गाडी निघाली. मधे बोट उचललं तर गोळा परत जागेवर. म्हातारे, बायका, शेतकरी, सगळ्यांवर तपासून झालं. सगळ्यांना जमलं. त्याला बक्षीस मिळालं. सरांना कधी नव्हे तो कोट घालावा लागला. बक्षीस घेताना ते दोन्ही हात पुढे करून उभे होते, फोटो काढायचा म्हणून. नंतर मला म्हणाले, "एवढं एक बरं झालं बघ माझ्या हातून."

त्याच्या पुढच्या वर्षापासून सर सारखे हात मागे बांधून फिरायला लागले. मीटिंगमध्ये, जिन्यात, कॅन्टीनमध्ये. आम्ही म्हणायचो, बघा, मंत्र अंगात भिनला. ते चहा घेईनासे झाले. फळ्यावर स्वतः रेघ मारणारा माणूस, आता खडू आमच्या हातात द्यायचा, "तू काढ." आम्हाला वाटायचं आम्हाला पुढे आणतायत. त्यांना कंपवात झाला होता आणि ते हात लपवत होते. आपल्याच नियमामागे लपवत होते, आणि आम्ही सगळे बघण्याचा पगार घेणारे लोक, आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही. हे कळलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना फोनसुद्धा करू शकले नाही. तोवर ते राजीनामा देऊन शहाद्याला गेले होते, आणि त्यांच्या खुर्चीवर कंपनीने मला बसवलं होतं.

मग काकूंच्या हृदयाचं निघालं. नाशिकला नेऊन आणलं, जिवावर बेतलं होतं ते थोडक्यात गेलं. मुलगी बंगळूरला, ती म्हणायला लागली, दोघं इकडे या, तिथे एकटे कसे राहाल? काकूंना घर सोडायचं नव्हतं. सर म्हणायचे, "मी आहे ना इथे." मुलगी एकदा रागाने बोलून गेली, "तुम्ही काय करणार, बाबा? तुम्हाला फोन तरी धरता येतो का?" हे काकूंनी मला फोनवर सांगितलं आणि म्हणाल्या, त्या दिवसापासून हे जेवत नाहीत नीट. मी सुट्टी टाकून शहाद्याला गेले.

घर तेच, पण सगळं जागचं हललेलं. चहाचे कप गेले होते, जड पितळी पेले आले होते आणि ते अर्धेच भरलेले. सरांच्या सदऱ्यांना बटणांऐवजी चिकटपट्ट्या. साखरेचा डबा कमरेच्या उंचीवर, रुंद तोंडाचा. हे सगळं तुम्ही केलंत का, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी काय कर? त्यासना हात कोठे जास, ते देखं. तठे ठी दिधं." हात जाईल तिथे वस्तू ठेवून दिली, एवढंच.

सर बारीक झाले होते. हात मांडीवर, आता लपवत नव्हते. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग विचारलं, "आणलंय का?" नवी आवृत्ती माझ्या फोनमध्ये होती. मी म्हटलं, जेवण झाल्यावर बघू, सर. "जेवण झाल्यावर दुखायचं ठरलंय का तिच्या छातीत?"

ते उठले आणि खुंटीवरचा रुमाल घेतला. तोच. "बांधू का?"

"मी हात लावणार नाही, सर. शप्पथ."

"लावशील. मला माहीत आहेस तू. बांधू का?"

मी हात मागे केले. त्यांना फार वेळ लागला. कापड मनगटावरून घसरायचं, ते पुन्हा घ्यायचे. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. शेवटी "झालं" म्हणाले आणि माझ्यासमोर येऊन बसले. फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही वर्षानुवर्षं अनोळखी लोकांना जे वाक्य वाचून दाखवलं, तेच स्वतःला मोठ्याने सांगितलं, "तुमच्या घरात एका माणसाच्या छातीत दुखतंय. ॲम्ब्युलन्स बोलवा." काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी लाल गोळ्यावर अंगठा ठेवला. गोळा थोडा सरकला, अंगठा थरथरला, सुटला, गोळा परत जागेवर. पुन्हा ठेवला. पुन्हा परत. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले आणि फोनच टेबलावर हलायला लागला. एकदा गोळा अगदी टोकाशी गेला. परत आला.

"अवं बाई, बठी काय ऱ्हायनी!" काकू माझ्यावर ओरडल्या. "हात लाव ना त्यासले! तुमना नियम गया चुल्हामा!"

"तू बोलू नको," सर मान न वळवता म्हणाले.

"मी बोलसू! मन्ही छाती शे ती!"

सरांनी अंगठा सदऱ्याला पुसला. त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला. मला रडू फुटलं होतं आणि हात मागे असल्याने डोळे पुसता येत नव्हते. सरांच्या कपाळावरून घाम त्या काचेवर पडला, त्यांनी बाहीने पुसला, पुन्हा अंगठा ठेवला, आणि गोळा पुन्हा परत गेला. मग त्यांनी फोन सोडला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांग आते."

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला काही सांगू दिलं नव्हतं. मी एकदम हात पुढे केले. बांधलेत हे विसरूनच केले, आणि ते आले. रुमाल घसरून खाली पडला. गाठ बसलीच नव्हती. त्या बोटांना ती बसवता आली नव्हती, आणि मी इतका वेळ नसलेल्या गाठीत हात धरून बसले होते.

सरांनी जमिनीवरच्या रुमालाकडे बघितलं. मग आपल्या बोटांकडे. काकू पुढे आल्या, रुमाल उचलला आणि झटकून आपल्या खांद्यावर टाकला.

"सर, सांगण्यासारखं काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही बरोबरच करताय."

"मंग चूक कोननी?"

"हातनी," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरी कोननी ऱ्हाई? आजारनी."

"हातनी नही!" सरांनी टेबलावर हात आपटला. त्यांना ओरडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग माझ्याकडे वळले. "चूक कोननी?" हा प्रश्न त्यांनी आम्हाला हजारदा विचारला असेल, पण उत्तर माहीत असलेल्या मास्तरासारखा. त्या दिवशी तो खरोखरचा प्रश्न होता. या माणसाला माझ्याकडून ऐकायचं होतं की तो निकामी झालेला नाही.

"आपली, सर," मी जोरात म्हटलं. "चूक आपली."

त्यांनी मान हलवली. "मग काढून टाक ते," म्हणाले. बक्षीस मिळालेलं, आयुष्यातलं एकुलतं एक बरं झालेलं काम. मग काकूंना म्हणाले, "जेवायला वाढ."

कंपनीत मला फार भांडावं लागलं. सरकपट्टी काढली तर खिशातून पुन्हा गाड्या पळतील, हे खरंच होतं. मग मला मोलगीचा तो कानाला फोन लावणारा माणूस आठवला, आणि स्टँडवरची उलट न बोलणारी पाटी. आम्ही असं केलं, की पूर्ण स्क्रीनच लाल ठेवली. तिच्यावर पंजा टेकायचा, कसाही, थरथरला तरी चालेल. लगेच फोनमधून खरं माणूस विचारतं, "गाडी पाठवू का?" खिसा काही 'हो' म्हणत नाही. पहिली चाचणी शहाद्यालाच केली, त्याच टेबलावर. या वेळी गाठ काकूंनी मारली, आणि माझी मनगटं दोन दिवस दुखत होती. सरांनी पंजा टेकला, फोनमधून एका बाईंचा आवाज आला, सर म्हणाले, "पाठवा." आणि बराच वेळ तो हात त्या फोनवर तसाच ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी काकूंचा फोन आला. आवाज बारीक होता. शहाद्याच्या दवाखान्यातून बोलत होत्या. सकाळी छातीत दुखायला लागलं, गाडी आली, वेळेवर पोचलो, आता बरं आहे, असं सांगितलं. मी विचारलं, गाडी कोणी बोलावली?

"त्यास्नी. मन्हा मोबाइल उशीखाले व्हता. पर मी हात लाया नही. त्यासले करू दिधं."

माझं डोकंच फिरलं. "काकू! असं कोणी करतं का? जीव गेला असता म्हणजे!"

"मंग तू का बरं बठनी व्हती त्या दिवस?"

पलीकडून सरांचा आवाज आला, "इचार तिले, चूक कोननी?" फोन त्यांच्याकडे द्यायचं सोडून काकू त्यांनाच म्हणाल्या, "या वखतले कोननीच नही. आते गप बठा."

मी विचारलं, "सर काय करतायत, काकू?"

"काय करतीन! सकायपाईन मन्हा हात धरी बठेल शेतस," काकू म्हणाल्या. "माले चहा बी पिऊ देतस नही."